पारातीच्या गल्लीतलं भरतीचं पाणी

प्रश्न : आमच्या राजापूरला पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवलीचं पाणी जवाहर चौकात शिरतं, तेव्हा दुकानदारांची त्रेधा उडते. परवा टीव्हीवर ब्राझीलमधलं पाराती नावाचं गाव पाहिलं. लख्ख ऊन, रस्त्यात पाणी, आणि कुणाची काही धावपळ नाही! ते पाणी कसलं? इतकं जुनं गाव तसंच्या तसं कसं टिकलं? आणि तिथली मूळ माणसं अजून तिथे राहतात का? आमच्या घराला दोन वर्षांत चार गिऱ्हाइकं येऊन गेली. सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत म्हणून व्यवहार अडलाय, एवढंच. म्हणून विचारते.
– एक वाचक, राजापूर

उत्तर : ताई, मी वेंगुर्ल्याचा. तेलवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये नोकरी केली. आमचं जहाज आंग्रा दोस रेइसच्या धक्क्याला लागलं की तिथून पाराती एस.टी.सारख्या बसने दोनेक तासांवर. एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे दाट जंगलाचा डोंगर, थेट आपल्यासारखा. पहिल्यांदा गेलो तेव्हा घशाशी आवंढा आला होता.

ते पाणी पुराचं नव्हे, उधाणाचं. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला समुद्र गल्ल्यांत शिरतो आणि सुकतीला परत जातो. गल्ल्या मध्ये खोलगट आणि कडेला उंच बांधल्यात, घरांचे उंबरेही वर घेतलेत. पाणी जाताना रस्ता धुऊन नेतं. खालचे ओबडधोबड दगड गुलामांकडून बसवून घेतलेले. त्या फरसबंदीला जे नाव आहे, तेच तिथल्या शेंगदाणे-गुळाच्या चिक्कीलाही आहे. आणि ‘पाराती’ हे मूळचं तुपी या ब्राझीलच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं एका माशाचं नाव. मासा कुठला, तर आपली बोय! (आपला ‘काजू’ हा शब्दही त्याच भाषेतून पोर्तुगीजांबरोबर इकडे आला.)

गाव टिकलं ते उपेक्षेमुळे. सतराव्या शतकाच्या अखेरीला आतल्या मिनास भागात सोनं सापडलं. ते खेचरांच्या पाठीवरून घाट उतरून पारातीला यायचं आणि इथून गलबतांनी रिओला जायचं. पुढे खाणींपासून थेट रिओला नवी वाट निघाली आणि पारातीचा घाट ओस पडू लागला. उसाच्या दारूने गावाला तगवलं. ती इतकी नावाजली की ‘पाराती’ म्हणजेच दारू असं लोक म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकात कॉफीने पुन्हा बरे दिवस आणले. पण १८७७ मध्ये रिओ ते साओ पाउलो रेल्वे डोंगरापलीकडच्या खोऱ्यातून गेली, कॉफी तिकडे वळली. १८८८ मध्ये गुलामगिरी संपली आणि मळे बसले. मग जवळजवळ शंभर वर्षं तिथे पोचायचं ते मुख्यतः समुद्रातूनच. जुनं पाडून नवं बांधायला पैसाच कुणाकडे नव्हता! म्हणून घरं राहिली. राजापूरच्या बंदरात इंग्रजांची वखार होती, गलबतं लागत होती. खाडी गाळाने भरली तेव्हा तुमच्या आजे-पणज्यांनी काय पाहिलं असेल, ते मला तिथे उमगलं.

१९६६ मध्ये गाव राष्ट्रीय स्मारक ठरलं, २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. पण खरा फरक पडला तो १९७०च्या दशकात किनाऱ्याने रिओ-सांतुस महामार्ग आला तेव्हा. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या रस्त्यात आहे. शहरातले श्रीमंत आले, भाव चढले आणि जुन्या गावातली घरं एकेक करून विकली गेली. आता तिथे हॉटेलं, दुकानं, चित्रांची दालनं. तिथे काम करणारी पुष्कळ माणसं रात्री मागच्या नव्या वस्त्यांत झोपायला जातात. एका खोडातून होडी कोरणारे कायसारा कोळी जवळच्या त्रिंदाद वाडीत राहायचे. बड्या कंपनीने तिथला किनारा घेतला तेव्हा त्यांना हुसकावलं गेलं, आणि ते लढले. अशाच एका कोळ्याच्या घरी मी लोखंडी भांड्यात शिजवलेलं मासे आणि कच्च्या केळ्यांचं कालवण जेवलोय. केळ्यांनी रस्सा निळसर होतो. सोबत भाताऐवजी कसाव्याच्या पिठाची खळ. म्हातारीने मला तीनदा वाढलं.

सगळेच मात्र हलले नाहीत. गावापासून थोड्या अंतरावर कांपिन्यो नावाची वस्ती आहे. गुलामगिरी संपल्यावर मळा सोडून मालक गेले आणि गुलामीतून सुटलेल्या तीन बायका तिथेच राहिल्या. वस्ती वाढली ती त्यांच्या लेकरांची. महामार्ग आला तेव्हा ही जमीनही जायची वेळ आली होती. त्यांनी भांडण सोडलं नाही, आणि १९९९ मध्ये सरकारकडून जमिनीचा कागद मिळवला. तो कुणा एकाच्या नावावर नाही, साऱ्या वस्तीच्या नावावर आहे. त्यातला तुकडा काढून कुणाला विकता येत नाही.

ताई, ती सतरा नावं अडचण म्हणून बघू नका. गणपतीला सगळे घरी येतील तेव्हा त्या सतरा जणांना एकदा ओटीवर बसवा आणि पाचव्या गिऱ्हाइकाच्या आधी आपसात बोला.