आधी लोणारचा दगड समजून घे

बेटा, मेहकरला राहतोस आणि दाबाने आणि किरणोत्साराने सिरॅमिकची रचना कशी बदलते यावर काम करायचं म्हणतोस, तर पहिला धडा लोणारलाच आहे. तिथे उल्का आदळली तेव्हा बसाल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजाची स्फटिकरचना दाबाच्या धक्क्याने मोडली आणि त्याची काच झाली. तिला मॅस्केलिनाइट म्हणतात. दगड मात्र उचलून आणू नको, जागा संरक्षित आहे.

किरणोत्साराचं काम वेगळं. झिरकॉन या खनिजात थोडं युरेनियम, थोरियम असतंच. त्यांच्या अणूने अल्फा कण बाहेर फेकला, म्हणजे अल्फा क्षय झाला, की मागे उसळणारं जड केंद्रक हजारभर अणू जागेवरून हलवतं. कोट्यवधी वर्षांत रचना विस्कटते, आकारमान सुमारे 18 टक्के फुगतं. प्रचंड दाबाखाली हेच झिरकॉन उलट सुमारे 10 टक्के घट्ट होऊन रेडाइट बनतं. म्हणून वहीत नुसतं ‘रचना बदलली’ लिहून थांबू नको. कुठल्या दिशेने, ते लिही.

आता दोन सिरॅमिक बघ. गॅडोलिनियम टायटनेट किरणोत्साराने स्फटिकरूप गमावतं. गॅडोलिनियम झिरकोनेट टिकतं, कारण अणूंची अदलाबदल झाली तरी ढाचा राहतो. अणुकचरा कशात बंदिस्त करायचा, याचं उत्तर शोधायला हेच लागतं, त्यामुळे मला हा भाग सगळ्यात जिव्हाळ्याचा.

नमुन्यावर एक्स-रे टाकून रचना दाखवणारा आलेख मिळतो, तो वाचायला आत्ताच शीक. दाबाने शिखरं सरकतात, नवी उगवतात. रचना विस्कटली की रुंद उंचवटा उरतो. हिऱ्यांच्या दोन टोकांत नमुना दाबून त्यावर जड आयनांचा मारा करतात, ते प्रयोग त्यानंतर वाच. दाब काढल्यावरही दाबाखालची रचना त्यात कधी कधी टिकून राहते.