आकाशकंदील ऑनलाइन विकताय? आधी बंद पाकिटाची जाडी मोजा

ताई, तुम्ही लिहिलंय की १८० ग्रॅमचा घडीचा आकाशकंदील ३४९ रुपयांना लावला, ४२ ऑर्डरी गेल्या, रेटिंगही चांगलं मिळालं, तरी हातात आलेल्या पैशांत कागद-कामट्यांचा खर्चसुद्धा सुटला नाही. पेमेंटच्या तपशिलात दर दोन-तीन ऑर्डरींमागे 'वजनातील फरक' म्हणून कापलेली रक्कम दिसते आणि ऑनलाइन बाजारपेठेचा मदतकक्ष म्हणतो, वजन बरोबर आहे. हे दुखणं माझ्या चांगलं ओळखीचं आहे, म्हणून लांबण लागली तरी सविस्तर लिहिते. खातं कसं उघडायचं, फोटो कसे काढायचे हे सोडून देते, ते तुम्हाला जमलेलंच आहे.

तुमच्या कंदिलाचं वजन १८० ग्रॅमच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण कुरिअर दोन वजनं बघतं. एक काट्यावरचं आणि दुसरं व्हॉल्युमेट्रिक, म्हणजे पाकीट गाडीत किती जागा खातं त्यावरून काढलेलं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि साधारणपणे ५००० ने भागायचं, की किलोमधलं वजन येतं. दोन्हींपैकी जे जास्त, त्याचे पैसे लागतात. कंदील म्हणजे निम्मी हवाच, त्यामुळे आपल्या मालाला काट्यावरच्या वजनाचा दर कधीच लागणार नाही.

तुमचं पाकीट ३५ बाय २५ सेंटिमीटर आहे आणि तुम्ही जाडी २.५ भरली आहे. हिशेब ०.४३७५ किलो येतो, म्हणजे भाड्याच्या ५०० ग्रॅमपर्यंतच्या पहिल्या टप्प्यात. कागदावर अगदी बरोबर. पण तुम्ही कंदिलाला बबल रॅपचे दोन वेढे देऊन प्लॅस्टिकच्या कुरिअर बॅगेत भरता, असंही लिहिलंय. बॅग मधोमध फुगते. कुरिअरच्या हबमधलं (पाकिटं मोजून पुढे पाठवण्याच्या केंद्रातलं) यंत्र पाकिटाची सरासरी जाडी काढत बसत नाही, सगळ्यात उंच जागा धरतं. फुगवटा ६ सेंटिमीटरचा असेल तर ३५ × २५ × ६ = ५२५०, भागिले ५०००, म्हणजे १.०५ किलो. टप्पे ५००-५०० ग्रॅमचे असतील तर पाकीट तिसऱ्या टप्प्यात गेलं. वरचे ५० ग्रॅम निव्वळ हवेचे आहेत, पण पैसे दीड किलोच्या टप्प्याचे जातात.

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. कंदील जपायला म्हणून बबल रॅप घालतो आणि नफा त्या रॅपमध्येच गुंडाळून पाठवतो. घडीच्या कंदिलाला बबल रॅप लागतच नाही. त्याला धोका दुमडण्याचा आणि चिरडण्याचा असतो, आदळण्याचा नसतो. त्याला ताठ पाठ हवी.

३५ बाय २५ च्या पाकिटाला पहिल्या टप्प्यात राहायचं तर जाडीची हद्द २.८ सेंटिमीटर आहे. २.८ ला ४९० ग्रॅम येतात, २.९ ला ५०७. एका मिलिमीटरवर टप्पा बदलतो, म्हणून अंदाजाने आकडे भरू नका.

पॅकिंग असं करून बघा. तीन पदरी कोरुगेटेड पुठ्ठ्याचे दोन तुकडे ३४ बाय २४ चे कापा. दोन्ही मिळून जाडी साधारण ६ मिलिमीटर होते, म्हणजे कंदिलाला दोन सेंटिमीटरच्या आसपास जागा उरते. झिरमिळ्या सोडवून बटर पेपरमध्ये सपाट गुंडाळा आणि कंदिलाच्या अंगाशेजारी ठेवा, वर ठेवू नका, फुगवटा तिथूनच सुरू होतो. कंदील दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून आडवी कागदी चिकटपट्टी दोन ठिकाणी आवळून लावा. रबर बँड नको, तो पुठ्ठ्याच्या कडेला खाचा पाडतो आणि उन्हात चिकटतो. सुतळीची गाठसुद्धा यंत्राला उंचवटाच दिसते. बॅगेत सरकवल्यावर तळहाताने हवा काढा आणि मगच फ्लॅप चिकटवा.

बॅगेच्या मापाकडेही बघा. बाजारात सहज मिळणारी १२ बाय १६ इंची बॅग साडेतीस बाय साडेचाळीस सेंटिमीटर भरते. मोकळी बाजू तशीच लोंबत ठेवली तर यंत्र तीही मोजतं. २.८ जाडीला जवळजवळ ७०० ग्रॅम होतात, म्हणजे फुगवटा नसतानाही दुसरा टप्पा. जास्तीची बाजू मागे दुमडून पूर्ण लांबीभर टेपने बसवा. कोपऱ्यांवर टेपचे कान राहू देऊ नका.

आता मोजणी. कागद आणि पुठ्ठा पुन्हा फुलतो, म्हणून पॅक केल्या केल्या मोजू नका. दहा पाकिटं रात्रभर मोकळी ठेवा, एकावर एक रचू नका. सकाळी एकेक पाकीट टेबलावर ठेवून वर सपाट फूटपट्टी आडवी टेकवा आणि टेबलापासून फूटपट्टीच्या खालच्या कडेपर्यंतची उंची घ्या. दहांतली सगळ्यात जाड जी भरेल ती जाडी लिस्टिंगमध्ये (तुमच्या मालाच्या ऑनलाइन नोंदीत) टाका. रकाना बघून भरा. वस्तूच्या मापाचा रकाना वेगळा असतो आणि पॅक केलेल्या पाकिटाचा वेगळा. नव्या लोकांचं निम्मं नुकसान इथेच होतं.

उघडा, तयार कंदील पाठवण्याचा विचार असेल तर एकदा आकडा बघा. ३५ सेंटिमीटरचं चौकोनी खोकं म्हणजे ८.५७५ किलो. तो माल गावातल्या दुकानात किंवा प्रदर्शनात विका.

झालेल्या वजावटीचं काय? दाद मागता येते, पण मुदत थोड्या दिवसांची असते आणि ती प्रत्येक ठिकाणी वेगळी, तेव्हा तुमच्या विक्रेता खात्याच्या पॅनेलवर आजच बघून घ्या. पुरावा माल जाण्याआधीच तयार लागतो. प्रत्येक प्रकाराच्या कंदिलाचे चार फोटो हवेत: पाकीट काट्यावर आणि आकडा स्पष्ट, मग लांबी, रुंदी आणि जाडीला मोजपट्टी लावलेला एकेक फोटो. चारही फोटोंत लेबलावरचा ट्रॅकिंग नंबर वाचता आला पाहिजे. नंबर नसलेला फोटो कोणीही मान्य करत नाही. आणि तुमच्या बाबतीत स्पष्ट सांगते, फुगलेल्या बॅगांवरच्या वजावटी परत मिळण्याची आशा धरू नका. यंत्राचं मोजमाप खरंच बरोबर होतं.

मदतकक्षाबद्दल मात्र राग येतोच. एका बाजारपेठेच्या मदतकक्षाकडे (नाव घेत नाही) 'तुम्ही कोणती तीन मापं धरलीत ती सांगा' एवढीच मागणी वारंवार केली. दर वेळी तेच छापील उत्तर आलं, 'वजनाची पडताळणी झाली आहे', आणि तक्रार बंद. ती तीन मापं पहिल्याच दिवशी सांगितली असती तर फुगवटा त्याच दिवशी लक्षात आला असता आणि पुढचा सगळा माल वाचला असता. विक्रेत्याकडून पैसे कापायचे आणि कशाचे कापले ते सांगायचं नाही, हे चुकीचं आहे, कितीही मोठी कंपनी असो. तक्रार करताना लांबलचक लिहू नका. एका तक्रारीत एकच ऑर्डर, एकच प्रश्न आणि चार फोटो. पाच ऑर्डरी एकत्र घातल्या की एकीचं उत्तर देऊन पाचही बंद करतात.

आता परत येणाऱ्या मालाकडे वळू, कारण ३४९ ही किंमत तुम्ही तो न धरताच ठरवलेली दिसते. समजा सगळं जाऊन एका यशस्वी ऑर्डरमागे ६० रुपये सुटतात आणि परत आलेल्या एका ऑर्डरमागे परतीचं भाडं, पॅकिंग आणि खराब झालेला कंदील मिळून ९० जातात. शंभरांत २० परत आल्या तर ४८०० वजा १८००, उरले ३०००. तीस परत आल्या तर १५००. चाळीस परत आल्या तर शून्य. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. पण किंमत ठरवताना 'किती परतींपर्यंत मी तगते' हा आकडा हातात हवाच. ग्राहकाने घेतलाच नाही म्हणून परत आलेला माल आणि घेऊन परत केलेला माल, दोन्हींचे नियम आणि शुल्क वेगवेगळे असतात, दरपत्रक वाचा. कमिशन आणि भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तोही खर्चात धरा.

कंदील परत येण्याचं ठळक कारण म्हणजे 'फोटोत मोठा वाटला'. दुसऱ्याच फोटोत कंदील दारात टांगलेला, शेजारी माणूस उभा, आणि उंची इंचात लिहिलेली असू द्या. 'बल्ब, होल्डर, वायर सोबत नाही' हे वर्णनात तळाशी न लिहिता फोटोवरच लिहा. विक्री वाढावी म्हणून दिव्यांची माळ जोडून देण्याचा मोह होईल. नका करू. त्या माळांना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) सक्तीची नोंदणी लागते, बिनशिक्क्याची माळ घातली तर लिस्टिंग जाईल आणि शॉर्टसर्किट झालं तर जबाबदारी तुमची.

हंगामी माल आहे, म्हणून दूरच्या राज्यांतल्या ऑर्डरी लक्ष्मीपूजनाच्या आठ-दहा दिवस आधी थांबवा. तशी वेगळी सोय नसेल तर सरळ स्टॉक शून्य करा. उशिरा पोचलेला कंदील कोणी घेत नाही आणि तो तुमच्याकडे परत येईतो तुळशीचं लग्न उरकलेलं असतं. परत आलेलं प्रत्येक पाकीट सलग व्हिडिओत उघडा, आधी सहाही बाजू आणि लेबल दाखवा. मध्ये कॅमेरा बंद केलेला व्हिडिओ भरपाईच्या दाव्यात धरत नाहीत. आणि पावसाळी हवेत खळ नीट वाळू द्या, नाहीतर बंद बॅगेत चार दिवसांत बुरशी.

जीएसटीबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय. मी सीए नाही, एकदा विचारून खात्री करा. १ ऑक्टोबर २०२३ पासून, नोंदणीच्या मर्यादेपेक्षा कमी उलाढाल असलेल्या माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीशिवायही पॅनवर नावनोंदणी क्रमांक घेऊन बाजारपेठांवर विकता येतं, पण फक्त स्वतःच्या राज्यात. बेळगाव, बडोदा, इंदूर, पणजीचं गिऱ्हाईक हवं असेल तर नोंदणी घ्या. घर सासूबाईंच्या नावावर आहे म्हणून अर्ज अडतो, हे सर्रास ऐकू येतं. साध्या कागदावर त्यांचं संमतीपत्र, त्यांच्या ओळखपत्राची प्रत आणि घरपट्टीची पावती किंवा वीजबिल यांपैकी एक, एवढं पुरतं. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाची १७ एप्रिल २०२५ ची सूचना तेच सांगते आणि यादीबाहेरची कागदपत्रं उगाच मागू नका असं केंद्राच्या अधिकाऱ्यांना बजावते. सोसायटीची एनओसी त्या यादीत नाही. अर्ज राज्याच्या अधिकाऱ्याकडे गेला तरी सूचनेची प्रत उत्तराला जोडा. खुलासा मागितला तर कामाच्या सात दिवसांत उत्तर द्या, मुदत चुकली की अर्ज फेटाळला जातो.

नोंदणी असेल तर बाजारपेठ ०.५ टक्का टीसीएस (तुमच्या विक्रीच्या पैशांतून आधीच वळता केलेला कर) कापते. ते पैसे आपोआप मिळत नाहीत, जीएसटी पोर्टलवर 'टीडीएस आणि टीसीएस क्रेडिट' मध्ये जाऊन दर महिन्याला स्वीकारावे लागतात, मगच तुमच्या कॅश लेजरमध्ये (पोर्टलवरच्या रोख खात्यात) येतात. विक्री नसली तरी शून्याचं रिटर्न भरा, विलंब शुल्क दिवसाला २० रुपये चढत राहतं.

आजच्या आज एवढं करा: गेल्या तीन पेमेंटचे अहवाल उतरवून घ्या, 'आकारलेलं वजन' हा रकाना बाजूला काढा आणि ५०० ग्रॅमच्या वर गेलेल्या ऑर्डरी मोजा. शिल्लक कंदिलांतला एक वरच्यासारखा पुठ्ठ्यात बांधून उद्या सकाळी जाडी घ्या. दोन्ही आकडे इथे टाका, ऑर्डर नंबर आणि गिऱ्हाइकाचा पत्ता झाकून. मग ३४९ ला परवडतं की किंमत बदलायची, ते बघू.