एरिया निवडताना गाडीवर पुढं बसलेलं पोर बघ

प्रभूत प्रिय पोरा,

सलाम. तुझा मेसेज वाचला, नकाशाचा फोटो पण नीट झूम करून बघितला. पुनावळे, ताथवडे, रावेत आणि तिकडं मोशी-चिखली अशी नावं तू लाल पेननं गोल केलीयस आणि विचारतोयस की काका, तरुण कुटुंबांसाठी नवीन मंडळी, म्हणजे चर्च, सुरू करायची तर यातलं कुठलं घेऊ. जिथं टॉवर जास्त तिथं नवी जोडपी जास्त, हे तुझं गणित काही चुकीचं नाही. पण नकाशावर टॉवर दिसतो, त्या टॉवरमधली आई रविवारी सकाळी दहा वाजता काय करत असते ते दिसत नाही, आणि तुला नेमकं तेच माहीत पाहिजे.

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे तुझी वर्षं वाचतील. मी पहिला हॉल घेतला तो हायवेला लागून, दुसऱ्या मजल्यावर, खाली हार्डवेअरचं दुकान. भाडं कमी होतं, बोर्ड लांबून दिसायचा, मी खूश. सुरुवातीला चांगली दहा-बारा कुटुंबं यायला लागली, मग हळूहळू बाप एकटाच यायला लागला, मग तोही बंद. मी आपलं उपवास प्रार्थना करतोय, उपदेश जास्त तयारीनं देतोय. शेवटी तुझी काकू म्हणाली, जरा जिन्यात जाऊन बघा. गेलो तर तीन पोरी पायऱ्यांवर बसलेल्या, भिंतीकडं तोंड करून, ओढणी घेऊन बाळाला पाजतायत, बाजूनं चपलांचा ढीग, वर ये-जा करणाऱ्यांचे पाय त्यांच्या अंगाला लागतायत. आत जागा नव्हती, टॉयलेट खाली दुकानाच्या मागं आणि त्याची चावी दुकानदाराकडं. सहा महिने त्या पोरी असं करत होत्या आणि मी आत स्टेजवरून "कुटुंब" या विषयावर बोलत होतो. ते मला अजून आठवलं की पोटात तुटतं.

म्हणून सांगतो, एरिया म्हणजे पिनकोड नाही. टू-व्हीलरवर पुढं एक पोर उभं, मागं बायको, तिच्या मांडीवर दुसरं, अशी गाडी दहा-पंधरा मिनिटांत जिथवर बिनधास्त जाऊ शकते तेवढीच तुझी मंडळी. आता हे डोक्यात ठेवून पुनावळे-ताथवडे बघ. मधून मुंबई-बंगलोर हायवे जातो आणि अलीकडून पलीकडं जायला ते अंडरपास. तू ते एरवी पाहिले असशील, पण जुलैमध्ये जा, पाणी तुंबलेलं असतं तेव्हा जा. नकाशावर अर्धा किलोमीटर असलेलं घर पावसात दुसऱ्या गावाला गेल्यासारखं होतं, आणि तापातून नुकतं उठलेलं पोर घेऊन त्या पाण्यातून कोण येणार रे? तिकडं करायचंच असेल तर हायवेची एकच बाजू धर आणि मनापासून धर.

आता चिखली-मोशी. इथं एक गोष्ट आहे जी बाहेरून आलेल्या पाळकांच्या, म्हणजे पास्टरांच्या, लक्षातच येत नाही. भोसरी-चिंचवड एमआयडीसीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, वीज वाटून द्यायची म्हणून जी पद्धत पडली ती पडली. म्हणजे हिंजवडीच्या आयटीवाल्याला शनिवार-रविवार मोकळा, आणि चिखलीतल्या कारखान्यात सीएनसी मशीन चालवणाऱ्याला रविवारी फर्स्ट शिफ्ट. जालन्याकडून, विदर्भातून आलेली आपली कितीतरी पोरं अशी आहेत की ज्यांना लग्नानंतर बायकोपोरांसोबत रविवारची भक्ती मिळालेलीच नाही. त्यांच्यासाठी गुरुवारी संध्याकाळी चटया टाकून भक्ती घेणारा कोणी असेल तर ते चालत येतील. हे मी तुला पटवायला म्हणून सांगत नाही, खरंच माझा कल तिकडं आहे. तिथं पाण्याचं पण बघावं लागेल, २०१९ च्या नोव्हेंबरपासून पिंपरी-चिंचवडमध्ये दिवसाआड पाणी येतं, म्हणजे एक रविवार पाण्याचा, एक बिनपाण्याचा, आणि छोट्या प्लॉटवरच्या घरांत पाण्याच्या दिवशी बाई धुणं-भांडी आटोपल्याशिवाय हलू शकत नाही. वेळ ठरवताना त्यांनाच विचार, तू ठरवू नको.

आणि नगर रोड का सोडलास ते मला कळलं नाही. नगरला अमेरिकन मराठी मिशन ही ख्रिस्ती मिशनरी संस्था १८३१ ला आली, राहुरी-श्रीरामपूरकडची आपली बरीच घरं त्याच मुळातली, आणि ती पोरं पुण्यात आली की वाघोली-खराडीकडं घर बघतात कारण गावाची एसटी तिकडूनच. फक्त एक, सणावाराला आणि जोडून सुट्टी आली की अर्धी मंडळी गावाला जाते, जुन्या मंडळीत आईबापांबरोबर बसते. त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. तुला ते झेपत असेल तर तो भाग पण चांगला.

जागा ठरवायच्या आधी तिथल्या पाळकांना भेट. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असो, मेथडिस्ट असो, पेंटेकोस्टल असो, कुठल्याही पंथाचा असो, घरी जा, चहा घे, सांग की मी येतोय आणि तुमच्या कळपातली मेंढरं न्यायला येत नाहीये. एखादा तोंडावर नाही म्हणेल, ऐकून घे. आणि सोसायटीत फ्लॅट घेऊन गुपचूप मीटिंगा चालू करू नको, सेक्रेटरीला खरं काय ते सांग, अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये "प्रार्थनेसाठी" असं स्पष्ट लिही, ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडं रजिस्टर कर. आजकाल लोक आपल्याकडं संशयानं बघतात, म्हणून आपलं दार उघडं पाहिजे. आणि दुसऱ्यांच्या पोराला आईबापाला विचारल्याशिवाय संडे स्कूलमध्ये बसवायचं नाही, चॉकलेटसुद्धा द्यायचं नाही. यात मी अजिबात ऐकणार नाही.

भाषेचं पण बघ. पोरं इंग्लिश मीडियमची, मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचताना अडखळतात, आईबापाला मात्र गीत मराठीतच पाहिजे, आजी आली तर तिला टाळ्या वाजवत गायचंय. दोन्ही ठेव, भांडण लावू नको.

सगळ्यात शेवटी सूनबाईला विचार. तुमची छकुली पुढच्या वर्षी शाळेत जाईल ना? ज्या एरियातल्या शाळेत तिला घालायला सूनबाई तयार आहे, जिथं रात्री दोनला तिला ताप आला तर कुठल्या शेजारणीचं दार वाजवायचं हे तिला माहीत असेल, तिथं राहायला जा. आधी राहायला, मग हॉल. निदान एक वर्ष नुसतं राहा, कॉटेज मीटिंग, म्हणजे घरोघरी छोट्या प्रार्थनासभा, घ्या, शाळेच्या बसच्या थांब्यावर उभे राहा. लांबून येऊन रविवारपुरती मंडळी चालवणारा पाळक तरुण आईबापांच्या उपयोगाचा नाही, त्यांचा खरा त्रास मंगळवारी संध्याकाळी असतो.

येत्या गुरुवारी मी मोकळा आहे. चारला चिखलीत येतो, तू सूनबाईला आणि छकुलीला गाडीवर घेऊन ये, कारने नको. तिथून दोन-तीन गल्ल्या फिरू, मग कोणाच्या तरी घरी चहा पिऊ. माझ्या ओळखीचं एक जोडपं आहे, त्याला त्या दिवशी सुट्टी असते.

तुझा काका