रोआल्ड डालचं ‘द विचेस’ मुलीला आधी वाचून दाखवू की सिनेमा दाखवू? ती आठ वर्षांची आहे, शेवट झेपेल का?

आधी पुस्तक, म्हणजे डालने मुलांसाठी लिहिलेली चेटकिणींची कादंबरी. यात विचार करण्यासारखं काही नाही. पण ‘शेवट झेपेल का’ हे वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लांबण लावतेय. याच वाक्यावरून माझं आणि माझ्या बहिणीचं गेल्या मे महिन्यापासून धड बोलणं नाही.

ताईची मुलगी सुट्टीत माझ्याकडे सांगलीला होती. वय नऊ. रोज रात्री दोन-तीन प्रकरणं, इंग्रजीतून वाचायचं आणि अडेल तिथे मराठीत सांगायचं, असं आमचं चाललं होतं. तिला हडळ माहीत होती, उलट्या पायांची. या पुस्तकातल्या चेटकिणींच्या पायांना बोटंच नाहीत, तसले चौकोनी पाय टोकदार बुटांत कोंबून त्या चालतात. डोक्यावर टक्कल, त्यावर विग, हाताला नखं म्हणून नख्या आणि त्या झाकायला हातमोजे. आता मे महिन्यात सांगलीत स्कूटीवरच्या निम्म्या बायका कोपरापर्यंत हातमोजे घालून आणि तोंडाला स्कार्फ गुंडाळून फिरतात. मंडईत पोरीची काय अवस्था झाली असेल बघा. माझा हात सोडायला तयार नाही, पण प्रत्येकीच्या चपला मात्र वाकून बघतेय.

शेवट तुम्हाला माहीत आहे असं दिसतंय, इतरांसाठी सांगते. गोष्टीतला मुलगा आईबाप गेल्यावर आजीजवळ राहतो, चेटकिणी त्याला हॉटेलात उंदीर करून टाकतात आणि तो परत माणूस होत नाही. उंदीरच राहतो. मग तो आजीला विचारतो, मी किती वर्षं जगेन? ती सांगते, तू साधा उंदीर नाहीस, उंदीर-माणूस आहेस, नऊएक वर्षं जगशील. आजी ८६ वर्षांची. तो हिशोब करतो आणि खूश होतो, की चला, आपण दोघं साधारण बरोबरच जाऊ. तिच्यानंतर दुसऱ्या कोणी आपल्याला सांभाळावं हे त्याला नकोच असतं. त्याचं काळीज मिनिटाला पाचशे वेळा उडतंय, इतकं भरभर की ठोके सुटे ऐकूच येत नाहीत, नुसती गुणगुण. रात्री तो जवळ निजला की आजीला ती ऐकू येते.

इथे माझा आवाज लागेना. भाची म्हणाली, “मग बरंय की.” आणि कुशीवर वळून पाच मिनिटांत झोपली.

दुसऱ्या दिवशी तिने फोनवर आईला सगळं सांगितलं. ताईने मला घेतलं फैलावर. एवढ्याशा पोरीला मरणाच्या गोष्टी कसल्या वाचतेस, सिनेमात चांगला शेवट आहे म्हणे, तो दाखवायचास. पोर घरी गेल्यावर तिने दाखवलासुद्धा, म्हणजे मी केलेलं नुकसान भरून निघावं.

तो १९९०चा, निकोलस रोगचा सिनेमा. शेवटची काही मिनिटं सोडली तर अप्रतिम आहे, उगाच नावं ठेवणार नाही. मुख्य चेटकीण झालेली अँजेलिका ह्यूस्टन भर सभेत स्वतःचा चेहरा सोलून काढते तो प्रसंग मी आजही उशी धरून बघते. बाहुल्यांच्या खेळांसाठी प्रसिद्ध असलेल्या जिम हेन्सनच्या कारागिरांनी केलेलं काम आहे, हाताने केलेलं, म्हणून ते अंगावर येतं. आणि मग इतकं सगळं केल्यावर शेवटी कच खाल्ली. चेटकिणींपैकीच एक चांगली निघते, रात्री येते, मुलाला परत माणूस करते, चष्मा परत, पाळलेले उंदीर परत. डाल तेव्हा हयात होता. त्याला हा शेवट अजिबात आवडला नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो गेला.

सिनेमा बघून भाचीचा मला फोन. “मावशी, पण आता आजी मेल्यावर तो एकटाच राहणार ना? आई म्हणते हे चांगलं झालं.”

नऊ वर्षांच्या पोरीला जे दिसलं ते तिच्या आईला दिसलं नाही. मी ताईला हेच म्हणाले. जरा जोरात म्हणाले. म्हणजे भांडलेच. कारण प्रश्न त्या उंदराचा नव्हताच.

मी आठ वर्षांची असताना आमची आजी गेली. मी तिच्याच अंथरुणात झोपायचे. तिला मिरजेला दवाखान्यात नेलं आणि मला मामाकडे जतला पाठवलं, आंबे खायला. पंधरा दिवसांनी परत आणलं तर माजघरातलं अंथरूण नाही, खुंटीवरची चंची नाही, कोनाड्यातला अडकित्ता नाही. आजी काशीला गेली, असं सांगितलं. सांगणारी ताई, वय वर्षं चौदा, चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. मी रोज विचारायचे, कधी येणार? ती रोज सांगायची, गाडी लांबची असते. शाळा सुरू झाल्यावर मधल्या सुट्टीत वर्गातल्या एका मुलीने सांगितलं, अगं तुमच्या तेराव्याला आम्ही जेवायला होतो की. मी घरी येऊन रडायला लागले तोवर बाकी सगळ्यांचं रडून झालं होतं. कोणाला कळेचना, ही आता का रडतेय.

ताई अजून म्हणते, तुला त्रास होऊ नये म्हणून. कोणाला त्रास होऊ नये म्हणून? पाहुण्यांनी भरलेल्या घरात एक रडकी पोर नको होती, एवढंच. ‘मुलांना झेपणार नाही’ म्हणणारे लोक मुलांचं बोलतच नसतात, हे माझं ठाम मत आहे. आणि गंमत बघा, शेवटाची काळजी करणाऱ्या एकालाही सुरुवातीचं काही वाटत नाही. त्या मुलाचे आईबाप सुरुवातीलाच गाडीच्या अपघातात मरतात, अगदी थोडक्या ओळींत. ते चालतं! कारण आईबाप मेल्याशिवाय गोष्ट सुरू होत नाही, याची सगळ्यांना सवय आहे.

आता थोडं ताईच्या बाजूनेही, नाहीतर ती हे वाचेल आणि आणखी सहा महिने जातील. चौदा वर्षांची मुलगी स्वतःच्या अकलेने ‘काशी’ म्हणाली नसणार, तिला कोणीतरी शिकवलं असणार. तिला स्वतःला कधी रडायला मिळालं, हे मी तिला विचारलेलं नाही.

तुमच्या घरात एवढ्यात कोणी गेलं असेल तर वाचण्याआधी मुलीशी बोला, पुस्तक कुठे पळून जात नाही. खरी भीती वाटेल ती शेवटाची नाही, चित्रात अडकलेल्या मुलीची. घरातल्या भिंतीवरच्या चित्रात ती हळूहळू मोठी होते, म्हातारी होते आणि एक दिवस दिसेनाशी होते. माझ्या भाचीने त्या रात्री माझ्या हॉलमधला कॅलेंडरवरचा मोर उलटा करून ठेवला. ते प्रकरण दिवसा वाचा. सगळ्या चेटकिणी बायकाच का, असाही एक आक्षेप आहे. तो खोटा नाही. मुलीने विचारलं तर टाळू नका.

२०२०चा रॉबर्ट झेमेकिसचा सिनेमा विचारत असाल तर त्यात गोष्ट अमेरिकेत, १९६८च्या अलाबामात नेली आहे आणि मुलगा उंदीरच राहतो, एवढा त्याचा प्रामाणिकपणा. बाकी सगळं कॉम्प्युटरवर केलेलं, गुळगुळीत. शिवाय चेटकिणींच्या हातांना कमी बोटं दाखवली, त्याने खरोखर तसे हात असलेले लोक दुखावले आणि माफी मागावी लागली. पुस्तकात असं काही नाही, तिथे फक्त नख्या आहेत.

आणि एक सांगायचं राहिलं. पुस्तकात स्वच्छ मुलांचा चेटकिणींना कुत्र्याच्या शी-सारखा वास येतो आणि मळलेल्या मुलांचा येत नाही. त्यामुळे आजी सांगते, फार आंघोळी करू नकोस. भाचीने ऐन मेमध्ये चार दिवस अंगाला पाणी लावलं नाही. तेवढं तुमचं तुम्ही बघून घ्या.