क्रेडिट कार्डाचे रिवॉर्ड पॉइंट आज रात्री संपणार, असा बँकेचा ईमेल आलाय. तो खरा की खोटा हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की मेलवर बँकेचा लोगो आहे, तुमचं पूर्ण नाव आहे, 6,850 पॉइंट रात्री बारा वाजता बाद होणार आहेत आणि खाली ‘आत्ताच रिडीम करा’ असं बटण आहे. ते बटण दाबू नका. माझ्या मते मेल खोटाच आहे. आणि समजा खरा निघाला, तरी त्या बटणातून जायची गरज नाही. बँकेचं अ‍ॅप उघडा, पॉइंट असतील तर तिथे दिसतीलच.

मी बँकेच्या शाखेत काम करते. असे मेल दाखवायला लोक येतात तेव्हा हमखास विचारतात, “पण मॅडम, यात माझं नाव बरोबर कसं?” नाव, मोबाइल नंबर, कधी कधी कार्डाचे शेवटचे चार आकडेसुद्धा कुठून ना कुठून फुटलेले असतात. लोगो तर कुणीही उचलतो. पूर्वी चुकीच्या इंग्रजीवरून असा मेल पकडता यायचा, आता भाषा सफाईदार असते. त्या खुणेवर विसंबू नका.

पत्ता बघा. एका काकांच्या फोनवर आम्ही दोघांनी मिळून बघितला होता. पाठवणाऱ्याच्या जागी बँकेचं नाव होतं. त्यावर टिचकी मारून तपशील उघडला, तर पत्ता कुठल्याशा फर्निचरच्या दुकानाचा! लिंकचंही तसंच. कॉम्प्युटरवर माउस नुसता बटणावर नेला, क्लिक न करता, की खाली कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडा, पुढची तिरपी रेघ येईपर्यंतचा भाग घ्या आणि तो शेवटाकडून वाचा. समजा ‘एसबीआय डॉट बँक डॉट इन डॉट पॉइंट्स-क्लेम डॉट टॉप’ असं असेल, तर ती साइट स्टेट बँकेची नाही, ‘पॉइंट्स-क्लेम डॉट टॉप’वाल्याची आहे. त्याआधीचे शब्द त्याने डोळ्यांत धूळ फेकायला लावलेत.

रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपल्या वेबसाइट ‘डॉट बँक डॉट इन’वर न्यायला सांगितलं होतं. हे डोमेन, म्हणजे पत्त्याचं हे शेपूट, फक्त बँकांनाच मिळतं, त्यामुळे तिरप्या रेघेआधीच्या त्या भागाचा शेवट तोच असेल तर साइट बँकेची. कुलपाच्या चिन्हाला मात्र भुलू नका, ते खोट्या साइटलाही फुकटात मिळतं.

आता त्या बटणामागचं पान काय मागतं ते बघा: कार्ड नंबर, मुदत, सीव्हीव्ही (कार्डावरचा गुप्त आकडा) आणि मग ओटीपी. पॉइंट तुमच्या खात्यात आहेतच, त्यांच्यासाठी सीव्हीव्ही कशाला हवा? ओटीपीचा एसएमएस पूर्ण वाचत चला. त्यात बहुतेक वेळा रक्कम आणि दुकानदाराचं नाव असतं. पॉइंट घ्यायला बसलात आणि एसएमएस म्हणतोय 48,500 रुपयांची खरेदी, तर तिथेच थांबा. पण ओटीपी दिला नाही म्हणजे सुटलो, असंही नाही. परदेशातल्या कित्येक साइटवर ओटीपीशिवाय कार्ड चालतं. परदेशी व्यवहार करत नसाल तर ती सोय अ‍ॅपमधून आजच बंद करून ठेवा. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि मी प्रत्येकाला ते करायला लावते.

माहिती भरून बसला असाल तर लाजू नका, घरच्यांपासून लपवू नका. फसवणारे हेच काम दिवसभर करतात, भलेभले अडकतात. आधी अ‍ॅपमधून किंवा कार्डामागच्या नंबरवर फोन करून कार्ड ब्लॉक करा. मग 1930 वर फोन लावा, तो सरकारी सायबर हेल्पलाइनचा नंबर आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ग्राहकाने स्वतःच माहिती दिली असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. त्यामुळे शाखा उघडायची वाट बघू नका, रात्री दोनला कळलं तर रात्री दोनलाच फोन करा. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. पुढे वाद झाला तर तोच कागद कामी येतो.