वाचकांचे प्रश्न : विद्यार्थ्यांच्या नोंदी, संशोधन आणि सिंथेटिक डेटा

प्रश्न : मी शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करत आहे. अभियांत्रिकीचे पहिले वर्ष संपल्यावर शिक्षण सोडणारे विद्यार्थी हा माझा विषय आहे. एका महाविद्यालयाने मला पाच वर्षांच्या नोंदी दिल्या आहेत. त्यांत बारावीचे गुण, हजेरी, सत्रनिहाय निकाल, प्रवर्ग आणि शुल्कसवलत ही माहिती आहे. ज्या नियतकालिकाकडे लेख पाठवायचा आहे, ते लेखासोबत डेटाही खुला करायला सांगते. नावे आणि पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) काढून टाकले की झाले, असे माझे मार्गदर्शक म्हणतात. एका सहाध्यायीने सिंथेटिक, म्हणजे कृत्रिमरीत्या तयार केलेला डेटा सुचवला आहे. मी काय करावे?
— एक संशोधक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : नावे आणि पीआरएन काढणे आवश्यक आहे, पण पुरेसे मुळीच नाही. साठ जागांची एक शाखा घ्या. राज्याच्या आरक्षणात भटक्या जमाती (ब) साठी 2.5 टक्के आणि भटक्या जमाती (ड) साठी 2 टक्के जागा आहेत, म्हणजे साठांच्या वर्गात या प्रवर्गांच्या वाट्याला एखाददुसरीच जागा येते. प्रवर्गाच्या शेजारी ‘मुलगी’, ‘शुल्कसवलत’ आणि ‘गणितात एटीकेटी’ हे रकाने आले की ती नोंद कोणाची, हे तिच्या वर्गातील कोणीही सांगू शकेल. आणि एकदा ओळख पटली की तिची हजेरी, तिचे इतर विषयांतील गुण आणि तिने शिक्षण कधी सोडले हेही सर्वांसमोर येईल. नाव कुठेच लिहिलेले नसताना हे घडते.

ही भीती काल्पनिक नाही. 2008 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील संशोधकांनी एका महाविद्यालयाच्या प्रथम वर्षाच्या संपूर्ण तुकडीची फेसबुकवरील माहिती नावे वगळून अभ्यासासाठी खुली केली. महाविद्यालयाचे नाव त्यांनी सांगितले नव्हते, तरी सोबतच्या माहितीपुस्तिकेतील वर्णन, तुकडीची संख्या आणि तेथील वैशिष्ट्यपूर्ण विषयांची नावे यांवरून ते हार्वर्ड कॉलेज असल्याचे थोड्याच दिवसांत उघड झाले. मायकेल झिमर या अभ्यासकाने यासाठी मूळ डेटा उघडूनही पाहिला नव्हता. पुढे तो डेटा मागे घ्यावा लागला. आपली माहिती संशोधनासाठी उचलली जात आहे, याची त्या विद्यार्थ्यांना कल्पनाच नव्हती, ही मला त्यातली सर्वांत गंभीर बाब वाटते.

दुसरे उदाहरण तर पुरेशी काळजी घेऊनही फसलेले आहे. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी 2014 मध्ये आपल्या सोळा ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या नोंदी खुल्या केल्या, तेव्हा ओळख पटवू शकणाऱ्या रकान्यांचा प्रत्येक संच किमान पाच जणांना सारखा लागू पडेल अशी छाटणी आणि ढोबळीकरण केले होते. तरीही 2022 मध्ये अलोनी कोहेन यांनी त्या नोंदी लिंक्डइनवरील माहितीशी जुळवून काही विद्यार्थी ओळखून दाखवले. शिवाय त्या छाटणीने डेटाचे रूपच बदलले होते. ज्या विद्यार्थ्यांच्या नोंदी इतरांपेक्षा वेगळ्या असतात तेच अशा छाटणीत आधी गळतात, आणि आपल्या विषयात तर नेमके तेच विद्यार्थी महत्त्वाचे आहेत.

सिंथेटिक डेटाचा मार्ग यापेक्षा वेगळा आहे. मूळ नोंदी झाकण्याऐवजी त्यांतील परस्परसंबंध शिकणारे एक सांख्यिकी प्रारूप तयार करायचे आणि त्या प्रारूपाकडून प्रत्यक्षात नसलेल्या विद्यार्थ्यांच्या नव्या नोंदी काढून घ्यायच्या, ही त्यामागील कल्पना. सांख्यिकीतज्ज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी ती 1993 मध्ये मांडली. आज ‘आर’ या संगणकभाषेत ‘सिंथपॉप’ नावाचे मोफत पॅकेज उपलब्ध आहे आणि आपल्या कामासाठी तेवढे पुरेल.

ते कसे चालते हे नीट पाहावे, कारण धोका तेथेच आहे. सिंथपॉप एकेक रकाना क्रमाने तयार करते. समजा, आधी लिंग, मग प्रवर्ग, मग बारावीचे गुण, मग हजेरी आणि शेवटी निकाल असा क्रम ठेवला. बारावीच्या गुणांपर्यंत आल्यावर ते मूळ विद्यार्थ्यांची आधीच्या रकान्यांनुसार छोट्या छोट्या गटांत विभागणी करते आणि नव्या नोंदीसाठी योग्य त्या गटातील एका खऱ्या विद्यार्थ्याचे गुण उचलते. म्हणजे एखाद्या गटात पाच-सहाच विद्यार्थी असतील आणि त्यांतील एकीला 91.83 टक्के असतील, तर नेमका तोच आकडा कृत्रिम नोंदीत उतरू शकतो. म्हणून गटाची किमान मर्यादा वाढवणे, गुणांसारखे आकडे थोडे सौम्य करण्याचा पर्याय वापरणे आणि मूळ डेटात एकमेव असलेली नोंद कृत्रिम डेटात जशीच्या तशी आली असेल तर ती काढून टाकणे, ही तिन्ही कामे आपण स्वतःहून केली पाहिजेत. रकान्यांचा क्रमही विचारपूर्वक ठरवावा. शिवाय विद्यापीठाचे नियम प्रारूपाला आपोआप कळत नाहीत. दुसऱ्या वर्षाला प्रवेशच न घेतलेल्या विद्यार्थ्याला तिसऱ्या सत्राचे गुण असू शकत नाहीत, हे त्याला सांगावे लागते. नाहीतर अशक्य नोंदी तयार होतात आणि परीक्षक संपूर्ण कामावरच शंका घेतात.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. माझे मत असे की लेखातील प्रत्येक निष्कर्ष मूळ नोंदींवरूनच काढावा, आणि नियतकालिकाकडे विश्लेषणाचा प्रोग्राम आणि सिंथेटिक डेटा या दोन गोष्टी द्याव्यात. त्यामुळे इतर अभ्यासकांना आपली पद्धत पायरीपायरीने तपासता येईल. सिंथेटिक डेटावर आलेले आकडे आपल्या आकड्यांशी तंतोतंत जुळणार नाहीत, हे लेखात स्पष्ट लिहावे. कोणाला मूळ नोंदींवर पडताळा हवा असेल तर त्याने आपला प्रोग्राम पाठवावा आणि महाविद्यालयाने तो आपल्याच संगणकावर चालवून फक्त निष्कर्षांचा तक्ता द्यावा. अमेरिकेच्या जनगणना विभागाने उत्पन्नविषयक सर्वेक्षणाची सिंथेटिक आवृत्ती अभ्यासकांना देताना हीच व्यवस्था ठेवली होती. संपादकांना आधी पत्र लिहून ही मुभा मागावी.

प्रश्न : माझी मुलगी सतरा वर्षांची असून ती पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. संशोधनासाठी विद्यार्थ्यांचा ‘सिंथेटिक डेटा’ तयार करणार असल्याने पालकांच्या संमतीची गरज नाही, असे तिच्या महाविद्यालयाने कळवले आहे. हे बरोबर आहे का?
— एक पालक, नाशिक

उत्तर : हा युक्तिवाद मला मान्य नाही. कृत्रिम नोंदी तयार करण्यासाठी आधी आपल्या मुलीच्या खऱ्या नोंदी वापराव्या लागतात, आणि तो वापर हीच वैयक्तिक माहितीवरील प्रक्रिया आहे. त्यातून पुढे काय तयार होते, हा नंतरचा प्रश्न.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हा सर्वसाधारण नियम आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून संस्थांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. संशोधन आणि सांख्यिकी यांसाठी कायद्याच्या कलम 17 मध्ये सवलत आहे, हेही खरे. पण ती सवलत सशर्त आहे. त्या माहितीच्या आधारे त्या विशिष्ट व्यक्तीबद्दल कोणताही निर्णय घेतला जाता कामा नये, आणि नियमांत घालून दिलेली मानके पाळली गेली पाहिजेत. उद्देशापुरतीच माहिती घेणे, गरज असेपर्यंतच ती ठेवणे आणि ती सुरक्षित राखणे ही त्या मानकांमागची भूमिका आहे.

तेव्हा महाविद्यालयाला लेखी विचारा : मूळ नोंदी कोण हाताळणार, त्या महाविद्यालयाबाहेर जाणार का, काम झाल्यावर त्या केव्हा नष्ट होणार, नैतिकता समितीने प्रस्ताव पाहिला आहे का, आणि यातून निघालेले प्रारूप उद्या ‘नापास होण्याची शक्यता असलेले विद्यार्थी’ शोधण्यासाठी वापरणार का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर संशोधनाची सवलत सांगता येणार नाही. आणि कायद्यात सवलत असली, तरी मुलीला आणि आपल्याला सोप्या मराठीत माहिती देण्याला कोणाचीच आडकाठी नाही. सभ्य संस्थेने ती आपणहून द्यावी.

प्रश्न : एम.ए.च्या प्रबंधासाठी मला दोनशे विद्यार्थ्यांची प्रश्नावली भरून घ्यायची होती. सत्तरच उत्तरे आली. उरलेली एखाद्या एआय चॅटबॉटकडून तयार करून घेतली आणि तो ‘सिंथेटिक डेटा’ म्हटला तर चालेल का?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : नाही. ज्यांना आपण विचारलेच नाही त्यांची उत्तरे लिहून काढणे म्हणजे बनावट माहिती तयार करणे होय आणि ते संशोधनातील गैरवर्तन आहे. सिंथेटिक डेटा प्रत्यक्ष गोळा केलेल्या नोंदींतून तयार होतो, तो तसा असल्याचे प्रत्येक ठिकाणी नमूद केलेले असते आणि त्याने नमुन्याची संख्या वाढली असे कोणी मानत नाही. सत्तर उत्तरांवर प्रामाणिकपणे लिहा, मर्यादांच्या प्रकरणात कारण द्या आणि मार्गदर्शकांना आजच भेटा. भरलेल्या प्रश्नावल्या सार्वजनिक चॅटबॉटमध्ये टाकूही नका. सत्तर जणांनी ती उत्तरे आपल्याला दिली आहेत, त्या कंपनीला नव्हेत.

प्रश्न : मी सांख्यिकी शिकवते. सिंथेटिक डेटा सुरक्षित आहे की नाही, याची हमी डिफरन्शियल प्रायव्हसीने मिळते असे वाचले. आमच्या विद्यापीठाने हीच पद्धत सर्वत्र सक्तीची करावी का?
— एक प्राध्यापिका, पणजी

उत्तर : गणिती हमी म्हणता येईल अशी आज तीच एक पद्धत आहे. सिंथिया ड्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 2006 मध्ये मांडली. एखादा विद्यार्थी मूळ डेटात असला काय किंवा नसला काय, बाहेर पडणारा निष्कर्ष जवळपास सारखाच यावा इतका गोंधळ, म्हणजे आकड्यांत यादृच्छिक फेरफार, मुद्दाम मिसळायचा, आणि हा ‘जवळपास’ किती हे एप्सिलॉन या संख्येने ठरवायचे. अशी हमी नसलेल्या सिंथेटिक डेटाबाबत स्टॅडलर, ओप्रिसानू आणि ट्रोन्कोसो यांनी 2022 मध्ये दाखवून दिले की इतरांहून वेगळ्या असलेल्या व्यक्ती मूळ डेटात होत्या का, याचा अंदाज हल्लेखोराला बऱ्याचदा लावता येतो. म्हणून केवळ ‘कृत्रिम आहे’ म्हणून डेटा खुला करण्याला माझा ठाम विरोध आहे.

परंतु सरसकट सक्तीलाही माझी संमती नाही, आणि त्याचे कारण छोटे गट हे आहे. एप्सिलॉन लहान ठेवला की मिसळलेला गोंधळ वाढतो. हजारांच्या गटाची सरासरी त्याने फारशी हलत नाही, मात्र अकरा जणांच्या गटाचे चित्र पार बिघडते. अनुसूचित जमातींतील मुली, दिव्यांग विद्यार्थी, पहिल्या पिढीचे पदवीधर यांच्यावरील प्रश्न विचारायचे, आणि ज्या डेटात ते नीट दिसतच नाहीत त्यावरून उत्तरे काढायची, हे त्यांच्या हिताचे नाही. एप्सिलॉन मोठा ठेवला तर तेच विद्यार्थी पुन्हा उघडे पडतात. दोन्ही बाजूंनी झळ त्यांनाच बसते. सर्वांना ‘इतर’ या एका रकान्यात टाकणे हा यावरचा उपाय नव्हे. त्यांच्यासाठीची धोरणे मग कशाच्या आधारावर ठरायची?

माझी सूचना अशी. अध्यापन, प्रोग्रामची तयारी आणि सर्वांना खुला करायचा डेटा यांसाठी विद्यापीठाने डिफरन्शियल प्रायव्हसी असलेला सिंथेटिक डेटा सक्तीचा करावा, आणि एप्सिलॉन किती ठेवला व का, हे डेटासोबत छापावे. छोट्या गटांवरील अभ्यास मात्र मूळ नोंदींवरच व्हावा. तो विद्यापीठाच्या एका बंद खोलीत, इंटरनेट नसलेल्या संगणकावर, नैतिकता समितीच्या लेखी परवानगीने करावा, आणि बाहेर नेला जाणारा प्रत्येक तक्ता संशोधकाव्यतिरिक्त दुसऱ्या व्यक्तीने तपासावा. त्या तक्त्यात एक आकडी संख्या असलेला एकही चौकोन राहू नये. शेजारच्या एकूण बेरजेतून वजाबाकी करून तो चौकोन पुन्हा काढता येत नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे, कारण घाईत नेमके हेच राहून जाते.