पेट्रोल कारला एलपीजी किट बसवावं का? काय तपासावं?

बसवता येतं, पण आधी रोजच्या रस्त्यावर ऑटो एलपीजीचा, म्हणजे गाड्यांसाठीच्या एलपीजीचा, पंप आहे का ते बघा. तो नसेल तर विचार सोडा. घरगुती सिलिंडरचा गॅस गाडीत भरणं बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारं आहे, तो मार्ग धरूच नका.

किट तुमच्या मॉडेलसाठी पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेने मंजूर केलेलं हवं. बसवल्यावर आरटीओकडून आरसीवर इंधनाची नोंद करून घ्या, विमा कंपनीलाही कळवा. नोंद नसेल तर अपघातानंतर दावा अडकतो. स्वस्तात, बिलाशिवाय बसवून देणाऱ्याकडे जाऊ नका.

लिटरला मिळणारं ॲव्हरेज पेट्रोलपेक्षा कमी पडतं, कारण एलपीजीच्या एका लिटरमध्ये ऊर्जाच कमी असते. म्हणून नुसता दर बघू नका, किलोमीटरमागचा खर्च काढा. रोजचं रनिंग कमी असेल तर किटचे पैसे लवकर सुटत नाहीत.

टाकी ८० टक्केच भरतात, उरलेली जागा गॅस प्रसरण पावण्यासाठी. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. वास आला की दारं उघडा, गाडीचा कुठलाही स्विच दाबू नका आणि सगळ्यांना बाहेर काढा.